केनियात मका वाळवण्याचं यंत्र बनवायचंय. विद्यापीठाच्या स्टार्टअप अ‍ॅक्सेलरेटरचा उपयोग होईल का?

प्रश्न असा आहे : पुण्यात तुमच्यासोबत शिकणारा केनियन मित्र परत जाऊन मका वाळवण्याचं यंत्र बनवणार आहे. त्याने कुठल्या विद्यापीठाच्या अ‍ॅक्सेलरेटरला अर्ज करावा आणि पैसे किती मिळतील?

नव्या धंद्याला काही महिने जागा, मार्गदर्शन आणि कधी पैसे देणाऱ्या अशा उपक्रमाकडे पैशांसाठी जाऊ नये. विद्यापीठाकडून घ्यायचं ते वर्कशॉप, प्रयोगशाळा आणि तपासणीचा अहवाल. मोठ्या नावांपैकी बरीच त्याच्या कामाची नाहीत. स्टॅनफर्डचा ‘सीड’ हा कार्यक्रम २०१३ मध्ये घानातल्या अक्रात सुरू झाला, पण तो चालत्या कंपन्यांच्या प्रमुखांसाठी. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाचं त्शिमोलोगाँग डिजिटल धंद्यांसाठी. नैरोबीतलं स्ट्रॅथमोर जवळ पडेल, पण त्याची ओळख माहिती-तंत्रज्ञानाची. लोखंड कापून यंत्र करायचं असेल तर मी नैरोबीजवळच्या जुजा गावातल्या जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठापासून सुरुवात करेन. तिथे शेती-अभियांत्रिकी आणि अन्नविज्ञान दोन्ही आहेत. अ‍ॅक्सेलरेटरच्या बॅचमध्ये (एकत्र घेतलेल्या धंद्यांच्या तुकडीत) जागा नाही मिळाली तरी विभागाकडून यंत्राची चाचणी करून घेता आली, तर अर्धं काम झालं.

आता वेळापत्रक. इथे भलेभले फसतात. बॅच साधारण तीन ते सहा महिन्यांची असते. पश्चिम केनियातल्या किटालेकडचा मुख्य मका ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. जानेवारीत सुरू होणारी बॅच पकडली तर तिकडे ओला मका मिळणार नाही. मग डेमो-डेला, म्हणजे बॅचच्या शेवटी गुंतवणूकदारांपुढे, दाखवायला नुसती स्लाइड उरते. बॅच सुगीवर बेतून निवडा.

अर्जात ‘शेतकऱ्यांचं नुकसान टळेल’ असं लिहून काही होत नाही. आकडे द्या. केनियात मका ९० किलोच्या पोत्याने विकला जातो. साठवणुकीसाठी ओलावा १३.५ टक्क्यांवर आणावा लागतो. २० टक्के ओला मका असेल तर एका पोत्यातून सुमारे ६.८ किलो पाणी काढावं लागतं आणि हाती ८३ किलो धान्य राहतं. हे पाणी काढायला इंधन किती, वेळ किती, पोत्यामागे खर्च किती शिलिंग, हे तीन आकडे अर्जात पाहिजेतच. अफ्लाटॉक्सिन म्हणजे ओल्या धान्यावरच्या बुरशीचं विष, त्याची मर्यादा १० पीपीबी (अब्जात दहा भाग) आहे. वाळवण्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा, आधीच तयार झालेलं विष वाळवल्याने जात नाही. तसा दावा केला तर अन्नविज्ञानाचा प्राध्यापक तिथेच अडवेल. शिवाय प्रश्न येणारच : शेतकरी ताडपत्रीवर फुकट वाळवतो, सरकारी धान्य मंडळाच्या डेपोतही ड्रायर असतात, मग तुमच्याकडे कोण येईल? उत्तर म्हणून पैसे देऊन गेलेल्या दहा जणांचं एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा) स्टेटमेंट दाखवा. शंभर जणांच्या सर्वेक्षणापेक्षा ते वजनदार.

कागदपत्रं ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवर होतात. नुसतं दुकानासारखं ‘बिझनेस नेम’ घेऊ नका, लिमिटेड कंपनी करा. संचालक आणि भागधारक दाखवणारा सीआर-१२ हा दाखला कंपनीलाच मिळतो, आणि शेअर द्यायची वेळ आली तर कंपनीच लागते. सोबत केआरए पिन (कर खात्याचा क्रमांक) आणि कंपनीच्या नावाचं बँक खातं. अनुदान बहुधा हप्त्यांनी, लेखा विभागातून फिरून येतं. त्या भरवशावर स्टील उधारीवर उचललं की व्याज आणि दुकानदार दोन्ही मागे लागतात.

सही करण्याआधी विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या. दक्षिण आफ्रिकेत २००८च्या कायद्याने सरकारी पैशांच्या संशोधनातून निघालेली संपदा साधारणपणे संस्थेची असते, आणि शोध ९० दिवसांत कळवावा लागतो. केनियात त्या-त्या विद्यापीठाचं धोरण वाचायचं. यंत्राची आजवरची रेखाचित्रं तारखेसह करारालाच ‘पूर्वीची मालमत्ता’ म्हणून जोडा, नाहीतर पुढे त्यांच्या लेथवर केलेल्या सुधारणेसोबत मूळ आराखड्यावरही वाद होतो. पैशांच्या बदल्यात कंपनीत हिस्सा मागितला तर गणित करा : २०,००० डॉलरला ६ टक्के म्हणजे कंपनीची किंमत सुमारे ३,३३,००० डॉलर धरली. नुसतं टेबल आणि मार्गदर्शनाच्या बदल्यात टक्के मागत असतील तर नको म्हणा, तेवढ्याच वर्कशॉपचे तास भाड्याने मिळतात का ते विचारा.