जोडीदाराकडे कायमचं राहायला जायच्या आधी भाडेकरूचा करार काढून बघा

एका ताईंचा भलामोठा मेसेज आलाय, थोडक्यात सांगते. नुकत्याच रिटायर झाल्यात, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आता पोर्तुगालमधला एक जोडीदार आहे, लग्न अजून केलेलं नाही आणि दोन महिन्यांनी त्यांच्याकडे कायमचं राहायला जायचंय. नोकरीभर क्वार्टर्समध्ये राहिल्या त्यामुळे महाराष्ट्रातला स्वतःचा एकुलता एक फ्लॅट 2019 पासून एका कुटुंबाला भाड्याने दिलाय, आणि तो तसाच पुढे चालू ठेवायचाय. प्रश्न तीन आहेत. भाड्यावर टॅक्स कुठे भरायचा, भाच्याला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्यावी का, आणि भाडं तिकडे नेता येईल का.

असे मेसेज हल्ली सारखे येतात, कोणी मुलीकडे चाललंय, कोणी जोडीदाराकडे, आणि प्रत्येकाला टॅक्सचीच काळजी. ताई, टॅक्सचं होईल हो. तुमच्या मेसेजमध्ये खाली कुठेतरी एक वाक्य आहे, "2019 ला 11 महिन्यांचा रजिस्टर करार केला होता, मग लॉकडाऊन आला, नंतर करार केला नाही, माणसं चांगली आहेत, दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर भाडं वाढवून घेतो." तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे आणि त्याबद्दल तुम्ही प्रश्नच विचारला नाहीये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी) असो नाहीतर भाडेपट्टा (म्हणजे भाडेकरूला जागेत हक्क देणारा करार), करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा. 11 महिने असेल तर रजिस्टर करायची गरज नाही असं जे एजंट लोक सांगतात ते आपल्याकडे चालत नाही, ती एक वर्षाची अट रजिस्ट्रेशन कायद्यातली आहे आणि ती इथे उपयोगाची नाही, कलम 55 ला एक महिन्याचा करारसुद्धा रजिस्टरच लागतो. आणि ही जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. रजिस्टर केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षाही लिहिलीये, पण ती बाजूला ठेवा, खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. रजिस्टर करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

म्हणजे काय होतं बघा. तुमची माणसं चांगली आहेत असं धरून चालू. पण उद्या त्यांना घर सोडायचं नसेल आणि त्यांनी एक बऱ्यापैकी वकील गाठला, तर तो वकील म्हणणार की 2019 चा लायसन्स 2020 मध्ये संपला, त्यानंतर मालकीणबाईंनी तोंडी भाडेकरू म्हणून ठेवलं, इतकी वर्षं बिनतक्रार भाडं घेतलं, मेंटेनन्स आम्हीच भरतो, आता आम्ही कायद्याने संरक्षित भाडेकरू आहोत. तुम्ही म्हणाल असं कसं म्हणतील, म्हणतात हो. कोर्टात असंच म्हणतात आणि खालच्या कोर्टात हे नुसतं ठरायलाच वर्षं जातात.

आता कोर्टाला त्या वकिलाचं हे म्हणणं पटलं तर फरक किती पडतो ते सांगते. लायसन्सवाला माणूस मुदत संपल्यावर बसून राहिला तर कलम 24 आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळे ज्याला कॉम्पिटंट ऑथॉरिटी म्हणतात तिथे अर्ज करायचा, मुदत संपलीये एवढं दाखवायचं, लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा धरतात. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मिळवली नाही तर त्याला लढताच येत नाही. ऑर्डरवर अपील नाही, फक्त रिव्हिजन, म्हणजे वरून मर्यादित फेरतपासणी. आणि मुदतीनंतर जितके दिवस बसला तितक्या दिवसांचं दुप्पट दराने नुकसान भरायचं. सगळं कागदावर लिहिलंय तितकं झटपट होत नाही हे मान्य, तारखा तिथेही पडतात, पण निदान शेवट दिसतो.

भाडेकरू ठरला तर मात्र रेग्युलर दावा. मुंबईत आणि जिथे असेल तिथे लघुवाद न्यायालय, बाकी ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, आणि कायद्याने ठरवलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करायचं. तुमच्याकडे कारण एकच उरणार, मला स्वतःला राहायला हवंय. तिथे समोरचा वकील पहिलाच प्रश्न काय विचारेल? बाई तुम्ही तर पोर्तुगालला कायमच्या गेलात, तुमचा संसार तिकडे, तुम्हाला इथे घर कशाला लागतंय? मालकाची गरज मालकानेच ठरवायची हे कोर्टांनी पुष्कळदा म्हटलंय, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर आहे, पण उत्तर असणं आणि आठ-दहा तारखांना लिस्बनहून येऊन ते देणं यात फरक आहे.

तुमचा 2019 चा रजिस्टर करार पूर्ण वाया गेलाय असं मी म्हणत नाहीये. त्याच्याच जोरावर कलम 24 खाली अर्ज करता येतो, मुदत संपून पैसे घेत राहिलं म्हणून आपोआप भाडेकरू होत नाही असा युक्तिवाद आहे आणि चांगला आहे. पण मधल्या वर्षांत तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. "तुम्ही हवं तितके दिवस राहा, घर तुमचंच समजा" असला एखादा मेसेज निघाला तर कठीण आहे, आणि आपल्याकडे लोक असलं लिहितातच. ते चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा, भाडं आलेली बँक स्टेटमेंट्सही काढून ठेवा.

तर करायचं काय. तिकीट दोन महिन्यांनंतरचं आहे, म्हणजे वेळ आहे. उद्याच त्या कुटुंबाशी बोला की मी परदेशी चाललेय, बँक आणि टॅक्सवाले रजिस्टर करार मागतायत, नवा करार करू. खोटं नाहीये हे, मागतातच. माणसं खरंच चांगली असतील तर चहा पिता पिता हो म्हणतील आणि विषय संपला. टाळाटाळ करायला लागली, "आता काय गरज आहे मॅडम" वगैरे सुरू झालं, तर तुम्हाला जे कळायला हवं ते तुम्ही इथे असतानाच कळलं, तिकीट पुढे ढकला आणि आधी हे निस्तरा. माझं मत विचाराल तर शक्य असेल तर एकदा फ्लॅट रिकामा करून किल्ली ताब्यात घ्या, ताबा दिल्याची दोघा नवरा-बायकोची सही घ्या आणि मग नव्याने द्या. सामान हलवायला ते तयार होणार नाहीत हे मलाही माहितीये, मग निदान नव्या करारात स्पष्ट लिहून घ्या की 2020 पासूनचा वापर लायसन्सच्या नात्यानेच होता, भाडेकरू म्हणून कुठलाही हक्क नाही. याने शंभर टक्के काम होतं असं नाही, पण सही केल्यावर उलटं बोलणं त्यांना जड जातं. एजंट मागच्या तारखेचा करार करून देतो म्हणेल. त्याच्या नादी लागू नका.

मुदतीचा क्लॉज नीट बसून वाचा. लोक मला विचारतात पाच वर्षांचाच करून टाकू का, 60 महिन्यांपर्यंत करता येतो, स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के असते, सारखी कटकट नको. तुमच्या केसमध्ये नको. कलम 24 मुदत संपण्याबद्दल बोलतं. मधेच नोटीस देऊन रद्द केला तर ती मुदत संपली का नाही यावर समोरचा वकील वाद घालणार, आणि वादाला जागा मिळाली की झटपट रस्ता तिथेच अडतो. तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही तरी लिहिते, तिकडे तुमचं लग्न झालेलं नाहीये, तुमचा तिथला मुक्काम त्या नात्यावर आणि व्हिसावर अवलंबून आहे, तुमचा जोडीदार बिचारा आजारी पडला, वारला किंवा दोघांचं नाही जमलं तर तुम्हाला परत यायला दुसरं घर नाही. म्हणून 11 महिने किंवा फार तर 22, महिन्याच्या नोटिशीचा क्लॉज दोघांनाही ठेवा आणि संपायची तारीख अशी ठेवा की तेव्हा तुम्ही इथे असाल. मुदत संपायच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर फोनमध्ये लावा, मागच्या वेळी तो लावला असता तर हा मेसेज मला आलाच नसता. आणि वापर फक्त राहण्यासाठी असं लिहा, कारण कलम 24 राहण्याच्या जागेपुरतं आहे, तिथे कोणी क्लासेस नाहीतर ऑफिस थाटलं तर ती वेगळीच डोकेदुखी.

आता भाचा. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्या, पण जायच्या आधी इथेच सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करून द्या. काय काय करू शकतो ते एकेक लिहा, करार करणं आणि रजिस्टर करणं, ताबा घेणं, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणं, वकील नेमणं. विकायचा अधिकार देऊ नका, मागितला तर का ते विचारा. तिकडे गेल्यावर करायची वेळ आलीच तर लिस्बनच्या भारतीय दूतावासात जा किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लावून घ्या, आणि कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरायची हे लोक हमखास विसरतात. अजून एक, भाचा तुमच्या वतीने अर्ज करेल, सही करेल, पण ज्या गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत आहेत त्याची साक्ष तो तुमच्या वतीने देऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2004 मध्येच हे स्पष्ट केलंय. तुमचं आणि भाडेकरूचं 2020 मध्ये फोनवर काय बोलणं झालं ते भाच्याला काय माहीत? म्हणून परत सांगते, कागद करा.

टॅक्सचं आता पटकन. फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्ही कायमच्या राहायला निघालात की तेव्हापासूनच अनिवासी, त्यामुळे बँकेला कळवून सेव्हिंग्ज खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या उत्पन्नासाठीचं रुपयातलं खातं) करून घ्या, भाडं आणि पेन्शन तिथेच येईल, टॅक्स भरून झाला की ते बाहेर पाठवता येतं. इन्कम टॅक्सचं गणित मात्र वेगळं, तिथे दिवस मोजतात. नोकरीसाठी जाणाऱ्याला जी 182 दिवसांची सवलत आहे ती जोडीदाराकडे जाणाऱ्याला नाही, त्यामुळे ज्या आर्थिक वर्षात जाल त्यात तुम्ही इथे 60 दिवस राहिला असाल, आणि आधीची वर्षं इथेच काढल्यामुळे बाकीची अट पूर्ण होतेच, तर त्या वर्षी तुम्ही निवासी. एकाच वर्षी एका कायद्याने निवासी, दुसऱ्याने अनिवासी, यात चूक काही नाही. पुढच्या वर्षापासून अनिवासी झालात की भाडेकरूने पहिल्या रुपयापासून टीडीएस कापायचा, 30 टक्के अधिक सेस, म्हणजे 31.2, आणि तो त्याने नाही कापला तर डिपार्टमेंट त्याला धरतं. हे त्याला करार करतानाच सांगा, नंतर सांगितलंत तर भांडण होणार. जास्त कापला गेलेला रिटर्न भरून परत मिळतो किंवा आधीच कमी दराचं सर्टिफिकेट काढता येतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा इन्कम टॅक्स कायदा आलाय, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, तेव्हा जुने लेख वाचून फॉर्म भरू नका, सीए गाठा. इथल्या घराच्या भाड्यावर भारतात टॅक्स लागणारच. पोर्तुगालमध्ये ते कसं दाखवायचं ते तिकडच्या सल्लागाराला विचारा, दोन देशांत करार आहे त्यामुळे सहसा दोनदा भुर्दंड पडत नाही.

सोसायटीला कळवा, परवानगी मागत बसू नका, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर स्वतः न वापरता भाड्याने दिल्याबद्दलची आकारणी, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या.

आणि लग्नाचं. करायचं ठरलंच तर मृत्युपत्र लग्नाआधी एकदा करा आणि लग्नानंतर परत एकदा करा. कारण लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं आणि जोडीदार हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसेल, तर तुमच्या वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदा लागत नाही, 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्या कायद्यात लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होऊ शकतं. लग्न नाहीच केलं तर मृत्युपत्राशिवाय त्यांना या फ्लॅटमधलं काहीही मिळणार नाही. तिकडे जाऊन लग्न केलंत तर काय होईल ते कुठे आणि कुठल्या कायद्याखाली केलं त्यावर आहे, ते ठरलं की परत लिहा. तोपर्यंत 2019 च्या कराराची इंडेक्स टू (करार रजिस्टर झाल्याचा उतारा) आणि व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट घेऊन तुमच्या गावातल्या कोणा वकिलाकडे जाऊन या, याच आठवड्यात.