वाचक विचारतात : कॅम्पिंग ट्रेलरला कुलूप कुठे लावायचं?

थंडी सुरू झाली की अमेरिकेतले बहुतेक कॅम्पिंग ट्रेलर चार-पाच महिने एका जागी उभे राहतात, आणि ट्रेलर चोरणाऱ्याला असाच उभा ट्रेलर हवा असतो. त्याला इंजिन सुरू करायचं नसतं, काच फोडायची नसते. मागे हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) असलेला पिकअप आणि पाच मिनिटं मिळाली की त्याचं काम होतं. या महिन्यात त्याविषयीचीच पत्रं जास्त आहेत.

प्रश्न : आमचा २२ फुटी, चार चाकांचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. सोसायटीच्या नियमांमुळे घरासमोर लावता येत नाही, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल तो भाड्याच्या स्टोरेज लॉटमध्ये असतो. कपलरला (गाडीच्या हिचवरच्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या तोंडाला) तीसेक डॉलरचं यू आकाराचं कुलूप लावलं आहे. तेवढं पुरेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नाही. यात दोन अडचणी आहेत. पहिली खुद्द कुलपाची. या प्रकारात एक गोळा कपलरच्या पोकळीत बसतो आणि यू आकाराची दांडी वरून आवळली जाते. स्वस्त कुलपाचा गोळा आणि खोका मऊ, ओतीव धातूचा असतो. दांडी पोलादी असली तरी उपयोग नाही, हातोड्याचे चार घाव खोक्यावर बसले की ती निसटते. शिवाय 'सगळ्या मापांना चालणारं' असं लिहिलेलं कुलूप कोणत्याच मापाला घट्ट बसत नाही. तुमच्या कपलरवर बॉलचं माप ठोकलेलं असेल, तुमच्या आकाराच्या ट्रेलरला बहुधा २ ५/१६ इंच. त्यात २ इंचाचा गोळा घातला तर फट राहते आणि पहार तिथेच घुसते. त्याच मापाचं, कपलरचं तोंड आणि वरचा लॅच (बॉल पकडून धरणारा खटका) दोन्ही झाकणारं, जाड पोलादी पत्र्याचं कुलूप घ्या. लॅच उघडा राहत असेल तर ते कुलूप निम्मंच काम करतं.

दुसरी अडचण मोठी आहे. चोराला कपलर लागतोच असं नाही. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला लोंबणाऱ्या सेफ्टी साखळ्या तो आपल्या हिचला गुंडाळतो, नाहीतर जाड पट्ट्याने सांगाडाच बांधतो आणि सावकाश ओढत दोन गल्ल्या पलीकडे नेतो. तिथे निवांत बसून कुलूप कापायला त्याला अख्खी रात्र मिळते. म्हणून पैसे मोजायचे ते चाकावर. आपल्याकडे ट्रॅफिक पोलीस लावतात तसला जॅमर घ्या, पण त्याची थाळी चाकाचे सगळे नट झाकते का ते पाहूनच. नट उघडे राहिले तर चोर जॅमरसकट चाक काढून बाजूला ठेवतो. चार चाकांच्या ट्रेलरचं एक चाक काढलं तरी तो उरलेल्या तीन चाकांवर थोडं अंतर जातो, हे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं. त्यामुळे एका बाजूच्या दोन्ही चाकांना जॅमर लावा. किंवा एका चाकाला जॅमर लावा आणि दोन्ही चाकांच्या भोकांतून व अ‍ॅक्सलला वळसा घालून एक साखळी घाला. साखळी नुसती चाकातून नेली तर चाकासोबत तीही निघते.

साखळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दुकानात यातच फसगत होते. हार्डवेअरच्या दुकानातली, सामान बांधायची ३/८ इंची साखळी जाड दिसते, पण ३६ इंची बोल्ट कटरपुढे टिकत नाही. कडक केलेल्या मिश्र पोलादाची, निदान १/२ इंच आणि जमल्यास ५/८ इंच जाडीची साखळी घ्या. चौकोनी कड्यांची मिळाली तर उत्तम, कटरच्या जबड्यात ती नीट धरता येत नाही. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. कटरची एक दांडी जमिनीला टेकवून अंगाचा सगळा भार दुसऱ्या दांडीवर टाकता आला की ताकद खूप वाढते. साखळी हवेत, ताणून ठेवा. कुलूप असं घ्या की त्याची वाकडी दांडी खोळीत लपलेली असेल. ५/८ इंची साखळीला पितळी कुलूप लावणारेही आहेत, त्यांची साखळी शाबूत राहते.

ग्राइंडरपुढे यातलं काहीच कायमचं टिकत नाही. पण ग्राइंडर आवाज करतो, ठिणग्या उडवतो, आणि तीन ठिकाणी तीन वेगळी कुलपं कापायची म्हटली की चोर शेजारच्या ट्रेलरकडे वळतो. शेजाऱ्याचं नशीब.

लॉटमध्ये जागा निवडता येत असेल तर ट्रेलरचं तोंड भिंतीकडे किंवा कुंपणाकडे करून लावा. लॉटचा करारनामा वाचा. बहुतेक करारांत चोरीची जबाबदारी आमची नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं, कॅमेरे कितीही असोत. तुमच्या गाडीच्या पॉलिसीतही ट्रेलर ओढताना दुसऱ्याचं झालेलं नुकसान सहसा धरलेलं असतं, खुद्द ट्रेलर चोरीला गेला तर त्याची भरपाई नसते. त्यासाठी ट्रेलरची वेगळी पॉलिसी आणि तिच्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह भाग लागतो. भरपाई घसारा वजा करून मिळणार की ठरलेल्या रकमेने, हेही आत्ताच विचारून ठेवा.

एक सूचना उरली. एप्रिलमध्ये जॅमर काढायला विसरून गाडी पुढे घेणारे दरवर्षी निघतात आणि चाकावरचा फेंडर फाडून घेतात. जॅमरची किल्ली गाडीच्या किल्लीलाच अडकवा.

प्रश्न : शेजाऱ्याने सुचवलं की ट्रेलर उभा करताना ब्रेकअवेची पिन काढून ठेवायची, म्हणजे ब्रेक लागून चाकं जाम राहतात. कुलपाचा खर्च वाचेल का? (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : वाचणार नाही, उलट ब्रेकचा खर्च वाढेल. ती पिन ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याला थांबवण्यासाठी आहे, तेही काही मिनिटांपुरतं. पिन निघाली की बॅटरीचा प्रवाह थेट ब्रेकच्या चुंबकांत जातो. एका चाकाच्या चुंबकाला सुमारे ३ अँपियर, म्हणजे चार चाकांना १२. तुमची बॅटरी ८० अँपियर-तासांची असली तरी सात तासांच्या आत ती पूर्ण झोपते आणि ब्रेक आपोआप सुटतात. तोवर चुंबकं तापून त्यांची गुंडाळी जळू शकते. शिवाय चोराने पिन परत खोचली किंवा बॅटरीची वायर तोडली की सगळं मोकळं. पिन जागेवरच राहू द्या.

प्रश्न : ट्रेलरमध्ये एअरटॅग (वस्तू शोधायचा अ‍ॅपलचा छोटा टॅग) लपवला आहे. वेगळा जीपीएस ट्रॅकर लागेल का? तो बसवताना काय पाहावं? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

उत्तर : एअरटॅगला स्वतःला जीपीएस नसतो. जवळून जाणाऱ्या आयफोनच्या आधाराने तो आपली जागा कळवतो. शहरात ते चालून जातं, आडरानातल्या शेडमध्ये नाही. दुसरं म्हणजे कोणाचा पाठलाग होऊ नये म्हणून त्याच्यात इशारा देण्याची सोय आहे. अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा संदेश चोराच्या फोनवर येतो, आणि मालकापासून बराच वेळ दूर राहिलेला टॅग हलवल्यावर वाजतोही. मग तो शोधून फेकला जातो. म्हणून एक टॅग सहज सापडेल असा ठेवा आणि दुसरा खरोखर लपवा. सीआर २०३२ सेल वर्षातून एकदा बदला. मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेले सेल काही वेळा टॅगमध्ये चालत नाहीत, तेव्हा सेल घातल्यावर फोनवर टॅग दिसतो का हे बघूनच झाकण लावा.

ट्रेलर महागाचा असेल तर सिमकार्डवर चालणारा ट्रॅकर घ्याच. जुना, ३जी वरचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, अमेरिकेत ते नेटवर्क २०२२ मध्ये बंद झालं. बसवताना होणारी नेहमीची चूक अशी : वायर बॅटरीच्या डिस्कनेक्ट स्विचनंतर जोडली जाते. हिवाळ्यात मालक स्विच बंद करतो आणि ट्रॅकरही झोपतो, नेमका जेव्हा हवा तेव्हा. वायर स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीजवळच १ अँपियरचा फ्यूज घाला. ट्रॅकर सरासरी १० मिलीअँपियर खात असेल तर चार महिन्यांत सुमारे २९ अँपियर-तास जातात. नुसत्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला हे जड आहे, आणि उतरलेली बॅटरी कडक थंडीत गोठून फुटते. छोटं सोलर पॅनल लावा किंवा महिन्यातून एकदा चार्ज करा. बॅटरी काढून घरी नेत असाल तर स्वतःची बॅटरी असलेलाच ट्रॅकर हवा.

जागा पलंगाच्या प्लायखाली किंवा पुढच्या फायबरग्लासच्या टोपणात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यामागे किंवा लोखंडी सांगाड्यात सिग्नल मरतो. आणि ट्रेलर नकाशावर हलताना दिसला तर पोलिसांना फोन करा, स्वतः मागे जाऊ नका. त्यांना व्हीआयएन (ट्रेलरचा कायमचा ओळख नंबर), नंबरप्लेट, फोटो आणि ट्रॅकरची लिंक हवी असते. ही माहिती फोनमध्ये ठेवा. ट्रेलरच्या कपाटात ठेवली तर ती ट्रेलरसोबत जाईल.

प्रश्न : आमच्या ट्रेलरच्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यातून वस्तू गेल्या, पण कुलूप तुटलेलं नाही. हे कसं? (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : किल्लीने. आपल्या किल्लीवर काय छापलं आहे पाहा, बहुधा सीएच ७५१ असेल. कित्येक कंपन्यांच्या ट्रेलरच्या कप्प्यांना हीच एक किल्ली लागते आणि ती कोणालाही दोन-तीन डॉलरला मिळते. ही कुलपं स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांत बदलता येतात. जुनं कुलूप काढून त्याच्या नळीची लांबी मोजा (५/८, ७/८ किंवा १ १/८ इंच) आणि त्याच मापाचं, गोल नळीच्या किल्लीचं घ्या. सगळ्या कप्प्यांसाठी एकाच किल्लीचा संच मागा. नळी लांब निघाली तर दार खडखडतं आणि पाणी आत येतं. गॅसच्या टाक्या, आणि ट्रॅकर तिच्यावर चालत नसेल तर बॅटरीही, हिवाळ्यात काढूनच ठेवा. टाक्या मात्र घराच्या किंवा गॅरेजच्या आत नेऊ नका, बाहेर मोकळ्या हवेत उभ्या ठेवा.

प्रश्न : नुकताच जुना कॅराव्हॅन घेतला. विमा कंपनी 'हिचलॉक आणि व्हील क्लॅम्प (चाकाचा जॅमर) दोन्ही' म्हणते. इथली पद्धत वेगळी आहे का? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : कुलपांचं गणित तेच, कागदांचं वेगळं. ब्रिटनमध्ये ओढायच्या कॅराव्हॅनची डीव्हीएलएकडे (वाहन नोंदणीचं सरकारी कार्यालय) नोंदणी नसते, मागे लागते ती गाडीचीच नंबरप्लेट. कॅराव्हॅन कोणाकडे आहे याची नोंद क्रिस या नोंदवहीत असते. १९९२ पासूनच्या कॅराव्हॅनचा १७ अंकी नंबर खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. सगळ्या खिडक्यांवर तोच नंबर आहे ना हे तपासा आणि नोंद आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचं नाव राहिलं तर कॅराव्हॅन सापडला तरी फोन त्यालाच जाईल.

पॉलिसीत 'दोन्ही' लिहिलं असेल तर दोन्हीच लावा. दावा करताना किल्ल्या आणि पावत्या मागतात. कुलूप सोल्ड सिक्युअर किंवा थॅचम या तपासणी संस्थांची परीक्षा उतरलेलं घ्या. चाकाच्या भोकातून आत जाऊन अ‍ॅक्सलजवळच्या खोबणीत बसणारं कुलूप सर्वांत भक्कम, पण भोक आणि खोबणी एका रेषेत येईपर्यंत कॅराव्हॅन इंच-इंच पुढेमागे करावा लागतो. त्यापेक्षा चाक जॅकवर उचलून हाताने फिरवणं सोपं. स्टोरेजची जागा शोधताना कॅसोआचा (अशा जागा तपासणारी संघटना) दर्जा विचारा : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड.

प्रश्न : जुना ट्रेलर बाजारभावाच्या निम्म्यात मिळतोय. मालक म्हणतो टायटल (मालकीचा कागद) हरवलं. घ्यावा का? (राली, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : नाही. टायटलची दुय्यम प्रत मालकाला स्वतःला काढता येते, त्याने ती काढून आणावी. दरम्यान सांगाड्यावरचा १७ अक्षरांचा व्हीआयएन आणि पुढच्या डाव्या बाजूच्या स्टिकरवरचा व्हीआयएन जुळतो का ते बघा. नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या व्हीआयएनचेकवर तो फुकट तपासता येतो. नंबराभोवती नवा रंग किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर भाव करत बसू नका.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतून तुमचं सदर पाठवतो. आमच्याकडे ट्रेलर म्हणजे उसाची ट्रॉली. हंगाम संपला की शेतात उभी असते. तिला काय करावं? (वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : तुमची ट्रॉली न्यायला तर बॉलचं मापही जुळावं लागत नाही, कोणताही ट्रॅक्टर आणि एक पिन पुरते. म्हणून आधी पुढच्या कड्याचं भोक बुजवा. भोकात सैल न राहणारा जाड बोल्ट घाला, वर-खाली जाड पत्र्याच्या चकत्या ठेवा आणि बोल्टच्या टोकाला आरपार भोक पाडून कुलूप लावा. मग साखळी अ‍ॅक्सलवरून घेऊन झाडाला किंवा दुसऱ्या ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलला बांधा. नुसत्या साट्याच्या कडीला नको, ती वेल्डिंगवर असते आणि कापायला सोपी. चाकं काढून विटांवर ठेवली तर ट्रॉली राहते आणि टायरही घरात राहतात, टायरच आधी जातात.

चेसिसवर आतल्या बाजूला दोन ठिकाणी गाडीचा नंबर वेल्डिंगच्या रॉडने उठवून घ्या. रंग खरवडता येतो, वेल्डिंगचे उठाव घासले तरी डाग राहतो. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, तेव्हा तिचं आरसी आहे का आणि विम्याच्या पॉलिसीत तिचा चेसिस नंबर लिहिलेला आहे का हे पाहा. नुसत्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर ट्रॉलीचा दावा अडतो. कुलपाला तेल सोडू नका, त्यावर धूळ आणि उसाचा पाचोळा बसून किल्ली अडकते. ग्रॅफाइटची कोरडी पूड घाला आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा झाकण म्हणून बांधा.