कोकणात खडूचे कडे का नाहीत, आणि आपल्या कड्यांवर काय पाहायचं

तुमचे प्रश्न तीन आहेत: इंग्लंडच्या डोव्हरसारखे खडूचे पांढरे कडे कोकणात का नाहीत, रत्नागिरीकडे जांभ्याखाली दिसलेला पांढरट थर खडूचा आहे का, आणि आपल्या कड्यांवरचे पक्षी-प्राणी कधी नि कसे पाहावेत. मधल्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं. तो थर खडूचा नाही. ती शेडी आहे, म्हणजे जांभ्याखालची मऊ माती.

खडू म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. कोकोलिथोफोर नावाच्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात, एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. शैवाल मेलं की त्या तळाशी बसतात. हजार वर्षांत थर वाढतो जेमतेम एकदोन सेंटिमीटर, आणि तोही जमिनीवरून मातीचा गाळ येत नसेल अशाच समुद्रात. इंग्लंडच्या दक्षिणेला हा प्रकार कोट्यवधी वर्षं चालला, साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत. त्या काळाचं ‘क्रेटेशियस’ हे नावही लॅटिनमधल्या ‘क्रेटा’वरून, म्हणजे खडूवरूनच पडलंय. गंमत अशी की तो काळ संपत होता तेव्हाच इकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. तिकडे समुद्राखाली पांढरा गाळ बसत होता, इकडे जमिनीवर काळा दगड थरावर थर चढत होता. कोकणाच्या वाट्याला आला तो बेसॉल्ट.

मग जांभा कुठून आला? त्याच बेसॉल्टमधून. उष्ण हवा आणि धो धो पाऊस लाखो वर्षं मिळाला की दगडातली सिलिका, चुना, सोडा, पोटॅश पाण्याबरोबर निघून जातात आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. तोच आपला चिरा. खाणीत असताना कापायला मऊ, वाऱ्याला लागला की कडक. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ म्हटलं, लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. जांभ्याखाली, अजून ताज्या राहिलेल्या बेसॉल्टच्या वर, अर्धवट कुजलेल्या दगडाची मऊ माती असते: पांढरी, पिवळट, कधी जांभळट. हीच शेडी. ती मुख्यतः केओलिनची, म्हणजे चिनी मातीच्या जातीची. तिच्यात चुना नाही.

खात्री करायची तर सोपी चाचणी आहे. पांढऱ्या तुकड्याची चमचाभर पूड करा आणि त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. चुना असेल तर बुडबुडे येतात. अख्ख्या खड्यावर टाकून उपयोग नाही, व्हिनेगर सौम्य असतं, पूड हवीच. शेडी नुसती चिकट होईल. इथे फसगत दोन ठिकाणी होते. कड्याच्या पायथ्याचा तुकडा घेतला तर त्यात शिंपल्यांचा चुरा अडकलेला असतो, तो फसफसतो आणि आपल्याला वाटतं दगडच फसफसला. म्हणून डोक्याएवढ्या उंचीवरचा, आतला तुकडा घ्या. दुसरं, काळ्या बेसॉल्टमध्ये पांढरे डोळे दिसतात, ती लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजं असतात. त्यातलं कॅल्साइट फसफसतं, झिओलाइट फसफसत नाही. (फळ्यावर लिहायचा खडू आणून तुलना करू नका, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो.)

कोकणात खडूच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते कड्यात नाही, पुळणीवर आहे. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चुन्याने सांधला जाऊन त्याचा दगड होतो, काही गावांत त्याला करळ म्हणतात. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं.

आता कडे. रंगावरून कडा ओळखायचा प्रयत्न सोडा. पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं ते बघा. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, सड्यावरचं, म्हणजे वरच्या सपाट कातळावरचं, पावसाचं पाणी त्यातून थेट खाली उतरतं. शेडी पाणी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे दोन्हींच्या सांध्यावरून पाणी आडवं बाहेर पडतं. कड्याच्या मध्यावर एका रेषेत नेचे, शेवाळ आणि ओली पट्टी दिसली की सांधा तिथेच आहे असं समजा. दिवाळीनंतरही ती रेषा ओली असते. कड्यावरची बरीच हिरवळ आणि कड्याचं बरंचसं ढासळणं, दोन्ही याच रेषेशी बांधलेलं आहे.

ढासळतं ते असं: खालून लाटा पायथा पोखरतात, पावसाळ्यात शेडी पाणी पिऊन मऊ पडते आणि लोण्यासारखी सरकते, मग वरचा जांभा आधाराविना लोंबकळतो आणि खोलीएवढे ठोकळे सुटून पडतात. म्हणून जांभ्याच्या कड्याखाली नेहमी मोठमोठ्या धोंड्यांची रास असते. ही रास काही काळ लाटा अडवते, मग फुटते, की पुन्हा पायथा उघडा. खडूच्या कड्याची तऱ्हाही फार वेगळी नाही. इंग्लंडच्या ससेक्समधला बीची हेड हा खडूचा कडा १६२ मीटर उंच आहे. तिथला किनारा गेल्या दीडेकशे वर्षांत वर्षाला २२ ते ३२ सेंटिमीटरने मागे हटतोय आणि त्याआधीची हजारो वर्षं हा वेग २ ते ६ सेंटिमीटर होता, असं दगडातल्या समस्थानिकांवरून काढलेलं आहे. खडूचा कडा पांढराशुभ्र दिसतो तो सतत ढासळून ताजा होत असतो म्हणून. ज्या कड्यावर गवत-झुडपं चढली, त्याचा पायथा समुद्राच्या तावडीतून सुटला असं धरायला हरकत नाही.

बेसॉल्ट थेट समुद्रात उतरतो तिथे चित्र बदलतं. हरिहरेश्वरला लाटांनी कापलेला सपाट खडकाळ ओटा, त्यात रांजणखळगे आणि वरच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. जाळी मिठाची करामत आहे: तुषार दगडात मुरतात, सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण उचकटतात. हेदवीची बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद भेग. भरतीला तीत शिरलेली लाट कोंडते आणि फवारा उडतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसला तर ती लाव्हाने भाजलेली जुनी माती. ती आधी झिजते, तिथे आडव्या कपारी होतात आणि पारवे, वटवाघळं तिथेच ठाण मांडतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे बेसॉल्ट मागे पडून त्याहून कितीतरी जुने क्वार्ट्झाइट, ग्रॅनाइट आणि नाइस वर येतात. तिथे वर सांगितलेलं शेडीचं गणित जसंच्या तसं लावू नका.

पक्ष्यांमध्ये पहिला मान समुद्री गरुडाचा, काही ठिकाणी त्याला काकण म्हणतात. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर, पोट-डोकं पांढरं, पाठ राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. तरंगताना पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरलेले असतात, लांबून ओळखायची हीच खूण. ब्राह्मणी घार तांबूस, आणि ती पंख सपाट धरते. पिल्लू गरुड तपकिरी असल्यामुळे नवखे त्याला साधी घार समजतात, तेव्हा रंग सोडून पंखांची धरण बघा. याचं घरटं कड्यावर शोधत बसू नका. ते किनाऱ्याजवळच्या उंच सुरूवर, वडावर किंवा आंब्यावर असतं आणि जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांची हाडं मिळाली की घरटं वर आहे. मग तिथे थांबू नका, लांब जाऊन दुर्बिणीतून बघा. हिवाळ्यात वीण चालू असते आणि माणूस खाली रेंगाळला की जोडी अंडी सोडून उठते.

वेळ कुठली? फोटोवाले पहाटेच धावतात, पण कड्यावर उशीर केलेला बरा. दुपारकडे खारे वारे सुरू झाले की वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि गरुड, घारी, ससाणे त्या उचलीवर पंख न हलवता कड्याच्या कडेकडेने सरकत जातात. तुम्ही वर उभे असाल तर पक्षी नजरेच्या पातळीवर येतो. हिवाळ्यात खडकांवर निळ्या कस्तुराचा नर एकटाच बसलेला दिसतो, दुरून काळा वाटतो, ऊन पडलं की निळा. खाली ओहोटीच्या खडकांवर राखी किंवा पांढरा समुद्री बगळा. दोन्ही रंग एकाच जातीचे.

पाकोळीबद्दल वेगळं सांगायला हवं. वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांवरच्या गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी तिथल्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर १९४२ मध्येच लिहून ठेवलंय. ही पाकोळी लाळेपासून घरटं करते आणि अंधारात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. तो आवाज माणसालाही ऐकू येतो. लाळेच्या घरट्यांना परदेशात सुपासाठी भाव असल्याने त्यांची चोरी व्हायची. त्यामुळे गुहेत शिरू नका. नावाड्याने आग्रह केला तरी नाही. घरटं भिंतीला चिकटलेलं असतं, दिवा-गोंधळाने पक्षी एकदम उठले की अंडी खाली पडतात.

वर सड्यावरही बघण्यासारखं आहे, फक्त खाली बघायची सवय हवी. खडूवरची माती पातळ आणि चुनखडीची, म्हणून तिथे ऑर्किडं आणि निळी फुलपाखरं. आपला जांभा आम्लधर्मी आणि नायट्रोजनला उपाशी, म्हणून इथे वनस्पतींनी कीटकच खायला घेतले: ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवे आणि दवबिंदू पाणथळ कातळावर पसरलेले असतात. सुट्या चिऱ्यांखाली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल राहते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. १९६३ मध्ये तिची नोंद झाली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून, आणि तिचा सगळा टापू दक्षिण कोकणातल्या सड्यांपुरताच आहे. दगड उलटून बघायची हौस आवरा. उलटलाच तर त्याच बाजूने, त्याच खळगीत परत ठेवा.

पायथ्याच्या खडकांसाठी ओहोटी गाठावी लागते. जुना हिशोब आजही चालतो: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. तासाभराचा फरक धरून चाला. हिशोब वेळ सांगतो, पाणी किती उतरेल ते नाही. अष्टमीला दुपारी बाराची सोयीची ओहोटी दिसते आणि लोक फसतात, तेव्हा भांग असतो, पाणी फारसं मागे जातच नाही. अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन दिवस, म्हणजे उधाणाचे, तेच घ्या. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, पाणी वळलं की निघा. वरच्या कोरड्या पट्ट्यात बारीक गोगलगायी, मग बार्नेकल आणि कालवं, सगळ्यात खाली शैवाल, समुद्रफुलं, खेकडे असे पट्टे सापडतील. कालवांची धार ब्लेडसारखी असते, अनवाणी जाऊ नका. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नका, त्याचा डंख विषारी असतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि पोवळ्याचा तुकडा उचलणं कुठेही बेकायदेशीरच.

जीव सांभाळायचं म्हणाल, तर कड्याच्या टोकाला समांतर भेग दिसली की तिच्या अलीकडे थांबा. भेग नसली तरी चारपाच पावलं मागेच राहा, कारण खालून कपार किती आत गेलीय ते वरून कळत नाही. पायथ्याला कड्याच्या उंचीइतकं अंतर ठेवा. सांध्यावरचा झरा एकाएकी गढूळ झाला किंवा टोकाचं झाड समुद्राकडे कललेलं दिसलं तर त्या बाजूला जाऊच नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. पाचसहा लहान लाटांनंतर एखादी अख्ख्या ओट्यावरून जाते, आणि तिथे माणसं वाहून गेली आहेत ती बहुतेक अशाच लाटेने. जून ते सप्टेंबर खालच्या ओट्यावर जायचंच नाही.

पुढच्या वेळी रत्नागिरीच्या त्या पांढरट थराचा फोटो काढाल तेव्हा चौकटीत वरचा जांभा आणि खालचा काळा दगडही येऊ द्या, शेजारी मापाला काठी उभी करा. नुसत्या पांढऱ्या पट्ट्याच्या फोटोवरून सांधा कुठे आहे ते सांगता येत नाही.