‘ही पिढी’ म्हणजे नेमकी कोणती?

एका वाचकाचा प्रश्न आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात 24व्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिराकडे बघून म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. पुढे युगाच्या समाप्तीबद्दल बोलतो आणि 34व्या ओवीत म्हणतो, ‘हे सर्व पूर्ण होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही.’ उपदेशात पाळकांनी सांगितलं, इथे पिढी म्हणजे यहूदी वंश. तर मराठीत पिढीचा अर्थ वंश होतो का?

नाही होत. वारसनोंदीला तलाठ्याकडे गेलात तर तो वंशावळ मागतो. त्या कागदावरची एक आडवी ओळ, म्हणजे आजोबा आणि त्यांची भावंडं, ही एक पिढी. वंश वरून खाली वाहतो, पिढी आडवी असते. उभा अर्थ हवा असेल तर अनेकवचन करून ‘पिढ्यानपिढ्या’ म्हणावं लागतं, नाहीतर शेपूट जोडून ‘पिढीजात’. एकट्या पिढीला तो भार पेलत नाही. ‘आमच्या पिढीनं काय काय सोसलं’ म्हणणारे काका खापरपणजोबांबद्दल बोलत नसतात. शब्दही मुळात पीठिकेवरून आला असं मानतात; हिंदीत पीढ़ी म्हणजे बसायचा छोटा पाटसुद्धा.

पण पाळकांनी तो अर्थ मराठीतून काढलेला नसणार. मूळ ग्रीक शब्द आहे ‘गेनेआ’. त्याचा धातू जन्माला येण्याचा, आपल्या ‘जन्’चा सख्खा चुलतभाऊ, आणि ‘जन्’वरूनच आपल्याकडे ‘जात’ आली. म्हणजे व्युत्पत्तीच्या वाटेनं गेलं तर गेनेआपासून जात-वंश फार लांब नाही, आणि जुन्या ग्रीकमध्ये तो अर्थ होताही. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमनं ही पिढी म्हणजे एकतर सगळी मानवजात किंवा खास यहूदी लोक, असं सुचवलं होतं. अमेरिकेत 1909 साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलनं ‘वंश’ हा अर्थ घरोघर पोचवला. तुमच्या पाळकांपर्यंत तो बहुधा याच वाटेनं आला असावा.

मात्र शब्द कुठून आला यापेक्षा लिहिणारा तो कसा वापरतो, याला मी जास्त वजन देतो. मत्तयानंच पहिल्या अध्यायात अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या मोजल्या आहेत; तिथे गेनेआच आहे, आणि चौदा वंश काही कुणी मोजत नाही. 11व्या अध्यायात येशू ‘ह्या पिढीला’ बाजारात बसून एकमेकांना हाका मारणाऱ्या पोरांची उपमा देतो. 23व्या अध्यायाच्या शेवटी हे सगळं ‘ह्या पिढीवर’ येईल म्हणतो आणि लगेच मंदिरातून बाहेर पडतो. सगळीकडे समोरची, त्या काळची माणसं. वंशाला ग्रीकमध्ये ‘गेनोस’ हा वेगळा शब्दही होता. मार्कानं आपल्या शुभवर्तमानात दोन्ही वापरलेत: 7व्या अध्यायात येशूकडे आलेली बाई गेनोसनं सुरफुनीकी, म्हणजे सिरियाकडच्या फिनिशियातली, तिथे मराठी बायबल ‘जातीची’ म्हणतं, 13व्या अध्यायात हेच मंदिराचं भाकीत, तिथे गेनेआ, आणि मराठीत ‘पिढी’. भाषांतरकारांनी चोख काम केलंय.

मग वंश कशाला शोधायचा? कारण अडचण खरी आहे. येशूचे हे शब्द साधारण इ. स. 30 च्या आसपासचे. 70 साली टायटसच्या रोमन फौजेनं मंदिर जाळलं, पाडलं. मधे चाळीस वर्षं. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांची एक पिढी रानात संपायला लागली तेवढीच. मंदिराच्या टेकडीच्या पश्चिम भिंतीच्या पायथ्याशी वरून ढकललेले प्रचंड चिरे रस्त्याची फरसबंदी खचवून आजही पडलेले आहेत. इथवर पिढीचा हिशेब जुळतो. पण त्याच ‘हे सर्व’मध्ये सूर्य अंधारणं, तारे गळणं, मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू स्वतः, मेघांवर येणं हेही आहे, आणि पिढी तर कधीच मातीला मिळाली.

काहींनी पिढीचाच अर्थ ताणला. काहींनी ती पुढे ढकलली: चिन्हं बघणारी ती पिढी. मग 1948 ला इस्राएल स्थापन झालं, त्यात चाळीस मिळवा, आले 1988. अमेरिकेत एडगर व्हिझनंट नावाच्या माजी अभियंत्यानं त्या सप्टेंबरात ख्रिस्त विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार याची 88 कारणं छापली. सप्टेंबर आला, गेला. तिसरा गट म्हणतो, तारे गळणं ही संदेष्ट्यांची ठरलेली बोली आहे. यशयाच्या 13व्या अध्यायात बाबेलच्या पाडावालाही सूर्य काळवंडतो. हे मला पटतं. आपल्याकडे कुणावर आभाळ कोसळलं म्हटल्यावर वर बघत नाहीत.

माझं लक्ष खरं तर ‘पिढी’पेक्षा त्याआधीच्या ‘ही’वर जातं. 34व्या ओवीत ‘हे सर्व’, ‘ही पिढी’. दोनच ओव्यांनी, 36व्यात, ‘त्या दिवसाविषयी’ पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. ग्रीकमध्येही जवळच्याचं आणि लांबच्याचं सर्वनाम असंच बदलतं. काही अभ्यासक इथेच सांधा मानतात: मंदिराबद्दलचं बोलणं 35व्या ओवीपर्यंत, शेवटच्या दिवसाबद्दलचं त्यानंतर. इंग्रजी वाचताना हा बदल चटकन डोळ्यांत भरत नाही. मराठीत मात्र ‘हा’ आणि ‘तो’ आपण दिवसभर तोलत असतो, त्यामुळे कान लगेच टवकारतो.

एक खोच आहे. 19व्या ओवीत गरोदर बायकांचे हाल सांगतानाही ‘त्या दिवसांत’ असंच आलंय, आणि ते वर्णन पळापळीचं, वेढ्याचं दिसतं. तेव्हा सांधा धरायचाच तर अनेकवचनी ‘ते दिवस’ आणि एकवचनी ‘तो दिवस’ वेगळे ठेवावे लागतात.