मोटरसायकल घेऊन परदेशात जायचं तर गाडीची कोणती कागदपत्रं आणि कोणता विमा लागतो?

स्वतःच्या मोटरसायकलवर चार-पाच देश फिरायचे आहेत, आरसी आणि लायसन्स पुरेल का, आणि गाडीचा घरचा विमा बाहेर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरत नाही, आणि बहुतेक वेळा चालतही नाही.

आधी कार्नेबद्दल, कारण खरी डोकेदुखी तीच. पूर्ण नाव 'कार्ने द पासाज आँ दुआन'. गाडी त्या परक्या देशात तात्पुरती येतेय, विकली जाणार नाही, आणि विकलीच तर आयातकर भरला जाईल, अशी हमी देणारी ती पुस्तिका. पाकिस्तान, इराण, भारत, इजिप्त, ऑस्ट्रेलिया या देशांना ती लागते. युरोपात सहसा लागत नाही, आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा परवाना करून देतात. कार्ने देतो तुमच्या देशातला मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल क्लब, आणि त्यासाठी अनामत किंवा बँक गॅरंटी मागतो. मुदत एक वर्ष.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, तिसरा पुस्तिकेतच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत. शिरतानाचा शिक्का कुणी विसरत नाही, कारण त्याशिवाय आत सोडतच नाहीत. घोळ होतो तो बाहेर पडताना. मी एकदा संध्याकाळी सीमा ओलांडली. पासपोर्टवर शिक्का बसला, फाटक उघडलं, मी खुशीत निघालो. रात्री मुक्कामाला पुस्तिका उघडून बघतो तर बाहेर पडल्याचा रकाना कोरा! म्हणजे त्या देशाच्या लेखी माझी गाडी अजून तिथेच. दुसऱ्या दिवशी उलटा गेलो आणि दोन तास विनवण्या करून शिक्का मिळवला. परत जाणं शक्यच नसेल, तर गाडी प्रत्यक्ष पाहून कस्टमवाल्यांनी भरून दिलेला दाखला लागतो. तो नसला तर अनामत अडकली म्हणून समजा. तेव्हापासून फाटकाच्या अलीकडे इंजिन बंद करून पान तपासल्याशिवाय मी हलत नाही. मागचे हॉर्न वाजवोत.

इंजिन आणि चासी नंबर कार्नेवर, आरसीवर आणि गाडीवर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. एखाद्या शून्याचा 'ओ' झालेला असला तरी घरीच दुरुस्त करून घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर, मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही. तो 1949 च्या करारानुसारचा असेल तर एक वर्ष चालतो, 1968 च्या करारानुसारचा जास्तीत जास्त तीन वर्षं. कोणता देश कोणता मानतो ते आधी बघा.

आता विमा. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर, म्हणजे थर्ड पार्टी. युरोप आणि आसपासच्या काही देशांत, अगदी मोरोक्को-तुर्कस्तानातही, त्याचा पुरावा म्हणजे ग्रीन कार्ड. (नाव ग्रीन, पण 2020 पासून पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेलंही चालतं.) कार्डावर देशांच्या खुणा असतात आणि काट मारलेल्या देशात ते लागू नसतं. हे न बघता लोक खुशाल पुढे जातात. तुमची कंपनी या व्यवस्थेत नसेल तर सीमेवरचा विमा घ्यावा लागतो, पण तो प्रत्येक नाक्यावर मिळेलच असं नाही. आफ्रिकेत याच कामासाठी पूर्व आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच देशांत यलो कार्ड, पश्चिमेला ब्राउन कार्ड.

यातल्या कुठल्याच कार्डातून तुमच्या स्वतःच्या मोडलेल्या पायाचा खर्च मिळत नाही. त्यासाठी दुसरा, प्रवासाचा वैद्यकीय विमा. त्याच्या बारीक अक्षरांत 'मोटरसायकल' शब्द शोधा. अनेक पॉलिसी 125 सीसीच्या पुढची गाडी सरळ वगळतात, आणि त्या वर्गाचं लायसन्स नसेल किंवा हेल्मेट नसेल तर क्लेम नाकारतात. एजंट फोनवर 'होतं कव्हर' म्हणाला तर तेच ईमेलवर लिहून मागा. माझ्या एजंटाने लिहायचं म्हटल्यावर सूर बदलला, आणि मी दुसरी पॉलिसी घेतली.