व्हिडिओ कन्व्हर्टर तीनदा इन्स्टॉल करूनही एकही फाइल का तयार होत नाही?

तुमची अडचण मला कळली ती अशी: विंडोजवर कन्व्हर्टर नीट चालत होता. त्याची नवी आवृत्ती घेतलीत, आणि तेव्हापासून कुठलाही व्हिडिओ एमपी४ करायला दिला की पट्टी क्षणभर हलते, 'कन्व्हर्जन फेल्ड' एवढंच येतं आणि आउटपुटचा फोल्डर रिकामाच. तीनदा काढून तीनदा टाकून झालं, फरक काही नाही.

चौथ्यांदा टाकू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललंय ते.

असे बहुतेक कन्व्हर्टर स्वतः काहीच कन्व्हर्ट करत नाहीत. बटणं, खिडक्या, टक्केवारीची पट्टी एवढं त्यांचं. आतलं काम एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम करतो. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प आज असंख्य व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. कन्व्हर्टर त्याला एक लांबलचक आज्ञा देतो आणि त्याचं उत्तर आलं की तुम्हाला हो किंवा नाही सांगतो. गंमत अशी की एफएफएमपेग 'नाही' म्हणताना कारणही सांगतो, अगदी स्पष्ट. ते कारण गिळून तुमच्यापुढे दोन शब्द टाकतो तो कन्व्हर्टर. या सवयीचा मला मनापासून राग आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न हा: तुमच्या मशीनवर प्रत्यक्षात चालतोय तो एफएफएमपेग कुठला? तुम्ही टाकलेला आणि चालणारा एकच असेल असं गृहीत धरू नका.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि 'व्हेअर एफएफएमपेग' टाइप करा. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत, इथे मी उच्चार लिहितेय.) पॉवरशेल ही आज्ञांची दुसरी खिडकी वापरत असाल तर नुसतं 'व्हेअर' चालणार नाही, कारण तिथे तो शब्द दुसऱ्याच एका कामाला जोडलेला आहे. काहीच न छापता तो गप्प राहतो आणि आपल्याला वाटतं एफएफएमपेगच नाही. तिथे 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहायचं. उत्तरात एक ओळ आली तर ठीक. दोन-तीन आल्या तर तितक्या प्रती आहेत, आणि चालते ती सगळ्यात वरची. खालच्या प्रती कितीही नव्या असोत, त्यांना कोणी विचारत नाही.

माझ्याकडे दोन ओळी आल्या होत्या. मी व्याख्यानांची रेकॉर्डिंग लहान करून देण्याचं काम करते, आणि एका कन्व्हर्टरची आवृत्ती बदलल्यावर माझंही असंच सगळं बंद पडलं. दोन संध्याकाळी मी तुमच्यासारखंच काढ-घाल करण्यात घालवल्या. मग 'व्हेअर' चालवलं तर पहिली ओळ विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम३२ फोल्डरची आणि दुसरी मी नुकत्याच उतरवून ठेवलेल्या प्रतीची. मग 'एफएफएमपेग', एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि 'व्हर्जन' असं टाइप केलं. पहिल्याच ओळीत कॉपीराइटची वर्षं असतात: माझ्याकडे '२०००-२०१६' असं आलं. मी उतरवलेली प्रत २०२३ची होती. आवृत्तीचा आकडा कधीकधी अगम्य असतो, नुसती अक्षरांची माळ. पण हे दुसरं वर्ष प्रतीचं वय सांगून टाकतं.

सिस्टिम३२मध्ये ती प्रत कोणी टाकली? मीच. फार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सल्ल्यावरून 'तिथे कॉपी करा म्हणजे कुठूनही चालेल' असं केलं होतं आणि विसरून गेले होते. मग इतकी वर्षं काही झालं नाही आणि आताच का? कारण कन्व्हर्टरची जुनी आवृत्ती स्वतःची प्रत सोबत आणायची. नवी आवृत्ती मशीनवर सापडेल ती वापरायला लागली, आणि तिला सापडली ही आजीबाई. नव्या आवृत्तीच्या आज्ञेत 'एफपीएस मोड' हा पर्याय होता, जो एफएफएमपेगमध्ये ५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ साली आला. २०१६च्या प्रतीने 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन' म्हणून हात वर केले. फाइल तयार करायची वेळच आली नाही, म्हणून फोल्डर रिकामा. तुमचंही वर्णन याच घरातलं वाटतं.

सिस्टिम३२मध्ये काहीही टाकण्याविरुद्ध आणखी एक कारण, आणि हे जाणत्यांनाही चकवतं. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्रॅम सिस्टिम३२मध्ये डोकावला, तर विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात नेतं. म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर एफएफएमपेग झकास चालतो आणि ३२ बिटचा कन्व्हर्टर मात्र 'सापडत नाही' म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात.

आता वरची ओळ ठरते कशी ते. विंडोजकडे पाथ नावाची फोल्डरांची यादी असते आणि शोध त्या क्रमाने चालतो. यादीचे दोन भाग असतात, एक सिस्टिमचा आणि एक तुमच्या खात्याचा, आणि सिस्टिमचा आधी. तुम्ही नवी प्रत खात्याच्या पाथमध्ये अगदी पहिल्या जागी ठेवलीत तरी सिस्टिमच्या पाथमधली जुनी तिच्या पुढेच उभी असणार. शिवाय पाथ बदलल्यावर आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्यांना त्याचा पत्ता नसतो. कमांड प्रॉम्प्टही बंद करून उघडायचा आणि कन्व्हर्टरही. यात मी स्वतः दोनदा फसलेय, 'बदल केला तरी काही होत नाही' म्हणत.

पाथ बदलायचा तो सेटिंग्जमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतूनच. 'सेटएक्स' या आज्ञेने पाथ बदला असा सल्ला दिसला तर हात लावू नका. ती आज्ञा १०२४ अक्षरांपुढचं सगळं छाटून टाकते. पाथ लांब असेल तर एक दुखणं बरं करताना दुसरे चार प्रोग्रॅम बंद पडतील.

प्रत एकच आहे आणि नवीही आहे, तरी चालत नाही? मग ती अर्धवट बसलेली असू शकते. विंडोजसाठीच्या प्रती दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत सगळं एकाच मोठ्या ईएक्सई फाइलमध्ये असतं. दुसरी 'शेअर्ड' म्हणवते. तिच्यातली ईएक्सई अगदी लहान असते आणि खरा माल बाजूच्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुट्या भागांच्या, फाइलींमध्ये. लोक झिप उघडतात, नुसती ईएक्सई उचलतात आणि डीएलएल तिथेच सोडतात. मग 'एव्हीकोडेक' अमुक डीएलएल सापडली नाही असा संदेश येतो. त्यातला आकडा बघा: एफएफएमपेग ४ला ५८, ५ला ५९, ६ला ६०, ७ला ६१. कुठल्या पिढीची फाइल हवी आहे हे त्यावरून कळतं. इंटरनेटवरून सुटी डीएलएल शोधून आणू नका, पूर्ण झिप पुन्हा उघडा. कन्व्हर्टरच्या लॉगमध्ये उणे १०७३७४१५१५ असा विचित्र आकडा दिसला, तर तोही हेच सांगतोय की डीएलएल मिळाली नाही.

याच्या उलट, दोन पिढ्यांचं मिश्रण झालं असेल तर आवृत्तीच्या मजकुरात, म्हणजे त्या 'व्हर्जन' आज्ञेच्या उत्तरात, 'लायब्ररी कॉन्फिगरेशन मिसमॅच' असा इशारा छापलेला असतो. ईएक्सई एका घरची, डीएलएल दुसऱ्या घरच्या. अशा वेळी तो फोल्डर पूर्ण रिकामा करून नव्याने भरणं हेच बरं.

आता चाचणी. तुमचा व्हिडिओ बाजूला ठेवा. बिघाड फाइलचा की इन्स्टॉलेशनचा हे वेगळं करायचंय. एफएफएमपेगला स्वतःच चित्र तयार करता येतं. आज्ञा अशी: एफएफएमपेग, मग '-एफ लॅव्हफाय', मग '-आय टेस्टएसआरसी', मग '-टी ५', शेवटी 'चाचणी.एमपी४'. रंगीत पट्ट्या आणि पळणारा आकडा असलेला पाच सेकंदांचा व्हिडिओ तयार व्हायला हवा. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे शेवटच्या ओळीत फ्रेमपुढे १२५ दिसलं पाहिजे. दिसलं तर इंजिन चालू आहे.

पण इथे दोन खड्डे आहेत. एक, तयार झालेली फाइल विंडोजच्या साध्या प्लेअरमध्ये कदाचित दिसणार नाही. त्या चाचणी-चित्रातले रंग एफएफएमपेग पूर्ण तपशिलासह साठवतो आणि तो प्रकार बऱ्याच प्लेअरना झेपत नाही. ती चूक इन्स्टॉलेशनची नाही. दुसरा खड्डा जास्त महत्त्वाचा. आउटपुटच्या माहितीत 'व्हिडिओ'पुढे काय लिहिलंय ते वाचा. 'एच२६४' असेल तर उत्तम. 'एमपेग४' असेल तर तुमच्या प्रतीत लिबएक्स२६४, म्हणजे एच२६४ प्रकारचा व्हिडिओ तयार करणारा भाग (एन्कोडर), नाही. एमपी४साठी तो नसला की एफएफएमपेग मुकाट्याने जुना एन्कोडर वापरतो आणि चाचणी पास होते. कन्व्हर्टर मात्र लिबएक्स२६४ नाव घेऊन मागतो, आणि तिथे 'अननोन एन्कोडर' येऊन सगळं थांबतं.

लिबएक्स२६४ नसलेली प्रत का असते? तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा आहे, आणि एफएफएमपेग तयार करताना तो मुद्दाम जोडावा लागतो. काही प्रती परवान्याच्या कारणाने तो वगळून बांधल्या जातात. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर किंवा पायथनच्या एखाद्या संचाबरोबर आलेली प्रत अशी असू शकते, आणि ती पाथमध्ये पुढे घुसली की झालं. आवृत्तीच्या मजकुरात 'कॉन्फिगरेशन'ची लांब ओळ असते. तिच्यात 'एनेबल-लिबएक्स२६४' आहे का एवढं शोधा. पायथनवाल्यांसाठी जाता जाता: पिपने 'एफएफएमपेग' किंवा 'एफएफएमपेग-पायथन' टाकलं म्हणजे प्रोग्रॅम आला असं होत नाही. ते नुसते वेष्टन आहेत.

काही चुका इन्स्टॉलेशनच्या वाटतात पण नसतात. 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' आलं तर मूळ व्हिडिओच अर्धवट आहे, बहुधा रेकॉर्डिंग मध्येच तुटलेलं. फाइल तयार झाली पण शून्य बाइटची, तर एफएफएमपेग चालला, फाइल उघडली आणि एन्कोडर अडला. चित्राची उंची ७१९सारखी विषम असणं हे त्याचं नेहमीचं कारण. नेहमीच्या रंगरचनेत लिबएक्स२६४ला रुंदी-उंची सम लागते.

लिनक्सवर 'व्हिच -ए एफएफएमपेग' हीच तपासणी करतं. तिथे २०१२ ते २०१४च्या सुमाराचे सल्ले वाचताना सांभाळा. २०११मध्ये एफएफएमपेगमधून लिबएव्ही नावाचा गट फुटून निघाला होता, आणि उबुंटू या लिनक्सने काही वर्षं तोच दिला, त्याच्या १४.०४ आवृत्तीत तर एफएफएमपेग नव्हताच, तो परतला १५.०४मध्ये. 'एव्हीकॉन्व्ह (लिबएव्हीचा प्रोग्रॅम) वापरा' असं जिथे लिहिलंय ते त्या काळातलं, सोडून द्या. स्नॅप या उबुंटूच्या इन्स्टॉल-पद्धतीतून घेतलेली प्रत असेल तर तिचा टेम्प फोल्डर वेगळा असतो. तुमच्या डोळ्यांसमोरची फाइल तिला दिसत नाही.

तर तुम्ही करायचं ते: जुनी प्रत सापडली की लगेच उडवू नका, तिचं नाव बदला, शेवटी 'जुना' जोडा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात असेल तर तिला हातही लावू नका, फक्त तो फोल्डर पाथमध्ये खाली सरकवा. ती त्या प्रोग्रॅमची आहे. नवी पूर्ण झिप सी ड्राइव्हवर थेट एका साध्या नावाच्या फोल्डरात उघडा. नावात मोकळी जागा नको, कारण काही जुने कन्व्हर्टर 'प्रोग्रॅम'पाशीच पत्ता तोडतात आणि 'फाइल्स' मागे राहतं. आतला 'बिन' फोल्डर सिस्टिमच्या पाथमध्ये वर ठेवा. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये एफएफएमपेगचा पत्ता विचारणारी जागा असेल तर तोच तिथेही भरा, मग पाथचा प्रश्नच उरत नाही.

एवढं करूनही अडलं, तर 'व्हेअर'चं पूर्ण उत्तर, आवृत्तीच्या पहिल्या तीन ओळी आणि पाच सेकंदांच्या चाचणीतल्या शेवटच्या दहा ओळी इथे खाली टाका. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका.