मीच आडवी झाले तर सासूबाईंचं कोण बघणार?

पुण्यात पावसाळ्यात फ्लूची साथ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. गेल्या ऑगस्टमध्ये कोथरूडच्या एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). नोकरी अकाउंट्समधली. सासूबाई पक्षाघातामुळे दोन वर्षं अंथरुणावर.

बसल्या बसल्या त्या ओढणीत खोकत होत्या आणि मांडीवरच्या मोबाइलकडे सारखं बघत होत्या. घरून फोन येईल म्हणून.

"मॅडम, ताप जाऊन दहा दिवस झाले, तरी पाय गळून जातात. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. मग मी आळशी झालेय का?"

आधी ताप आला तो त्यांना. दोन दिवस रजा घेतली, तिसऱ्या दिवशी सासूबाई फणफणल्या. उरलेल्या रजा त्यांच्यासाठी गेल्या. स्वतः अशा त्या झोपल्याच नाहीत. वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नमध्ये एक आकडा चुकला, साहेब सगळ्यांसमोर बोलले. ते सांगताना रडल्या नाहीत. "माझ्यामुळे आईंना झालं" म्हणताना मात्र रडल्या.

मी त्यांना सांगितलं, फ्लूचा संसर्ग लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून होऊ शकतो. ज्या संध्याकाळी तुम्ही आईंना पेज भरवलीत, तेव्हा तुम्हाला कळणार तरी कसं होतं? शिवाय ताप गेला तरी खोकला आणि थकवा दोन आठवडे किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. त्याला आळस म्हणू नका.

मग विजेच्या बिलाच्या पाठीमागे त्यांना दिवसभराची कामं लिहायला लावली. डायपर, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्री दोनला सुद्धा. पाठ भरली, समासातही लिहिलं. पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. "दोनला उठते हे मला माहीतच नव्हतं," एवढंच म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ताईंनी मागितलं नव्हतं. मदत मागणं म्हणजे कमी पडणं, हे आपल्या बायकांच्या मनात फार खोल बसलंय, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

त्या दिवशी तिघांनी मिळून ठरवलं: ताईंना ताप आला की सासूबाईंची खोली नवऱ्याची, अगदीच कुणी नसेल तर मास्क, हात धुणं, खिडकी उघडी. सासूबाईंना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि दरवर्षीची लस फक्त आईंना नाही, घरातल्या सगळ्यांना. ती लागू पडायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून साथ यायच्या आधी.

या जूनमध्ये ताईंचा मेसेज आला. तिघांनी लस घेतली होती. रात्री दोनची कूस अजून नवराच बदलतो.